धानोऱ्याचं लोहजल

नंदुरबारच्या आमच्या हायस्कुलात रसायनाची प्रयोगशाळा आली ती एकोणीसशे छत्तीस साली, आणि ती आली जालमसिंग गिरासे यांना रावसाहेब व्हायचं होतं म्हणून. गिरासे धानोऱ्याचे मोठे जमीनदार. त्यांच्या ओळखीतल्या दोघांना सरकारकडून रावसाहेबीची पदवी मिळाली होती. एकाने धर्मशाळा बांधली होती आणि दुसऱ्याने गुरांचा दवाखाना. तेव्हा तिसरं काहीतरी हवं होतं. प्रयोगशाळा या जिल्ह्यात कोणाचीच नव्हती.

मुंबईहून लाकडी पेट्या आल्या. गवतात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या, स्पिरिटचे दिवे, तराजू आणि दीडशे बाटल्या. आमच्या हेडमास्तरांनी मुहूर्त पाहून पूजा घातली. प्रत्येक बाटलीला कुंकवाचं बोट लावलं आणि बुचावर झेंडूचं फूल ठेवलं. गंधकाम्लाच्या बाटलीवरचं फूल पूजा संपायच्या आत काळं पडलं. देवाने नैवेद्य स्वीकारल्याची ही खूण आहे, असं हेडमास्तरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि गिरासे यांनी त्या बाटलीला पुन्हा एकदा हात जोडले.

मी त्या शाळेत मराठी शिकवत असे. हेडमास्तर आम्हांला नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. मी ‘अहो मराठी’ होतो. भूगोलाचा मास्तर वारला तेव्हा ते त्याच्या बायकोला, ‘आमचा भूगोल गेला हो,’ म्हणाले होते. प्रयोगशाळेसाठी नवा मास्तर आला, तो ‘अहो सायन्स’ झाला.

त्याचं खरं नाव मगन चुडामण पाटील. प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी त्यांचं गाव, घरी कापूस आणि केळी. बडोद्याला राहून बी.एस्सी. झालेला त्यांच्या समाजातला तो पहिलाच मुलगा. सव्वीस वर्षांचा, उंच, बोलायला लाजरा. पण हातात परीक्षानळी आली की वेगळा माणूस व्हायचा. पांढऱ्या पाण्यासारखा दिसणारा द्राव घ्यायचा, त्यात दोन थेंब कशाचे तरी टाकायचा, आणि नळीत एकदम पिवळाधमक किंवा निळाशार रंग उभा राहायचा. ‘हे बघा, धातू बोलला,’ असं तो पोरांना म्हणायचा. मी रिकाम्या तासाला तिथे जाऊन बसत असे. माझ्या वर्गात इतकी वर्षं कोणी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

प्रयोगशाळेला शिपाई दिला होता बाज्या. सातपुड्यातला भिल्ल, पन्नाशीचा, पूर्वी जंगलखात्यात होता. नळ्या धुता धुता सहा महिन्यांत तो रंगांवरून सगळे धातू ओळखू लागला. त्याला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्याच्या नोकरीला त्याचा काही उपयोग नव्हता.

पहिल्याच टर्मला संकट आलं. धातूंचे गट पाडतात, त्यातल्या दुसऱ्या गटासाठी एक वायू सोडावा लागतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. संस्थेचे चिटणीस कडक वैष्णव. शाळेत अंडी उकडतात अशी त्यांनी लेखी तक्रार केली. मगनने त्यांना तासभर समजावलं. अंड्याचा वास असलेली गोष्ट अंडं नसते हे चिटणिसांना पटलं, पण लोकांना पटणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. कमिटी बसली. दुसरा गट बंद करावा असा ठराव झाला. तेव्हापासून आमच्या शाळेपुरतं तांबं, शिसं, पारा आणि सोमल हे सगळे जगातून नाहीसे झाले. लोखंड तिसऱ्या गटात असल्यामुळे वाचलं.

त्याच लोखंडाने पुढे घोळ केला.

दिवाळीनंतर एक दिवस गिरासे प्रयोगशाळेत आले. भला मोठा पांढरा साफा, हातात चांदीच्या मुठीची काठी.

“मास्तर,” ते मगनला अहिराणीत म्हणाले, “मन्ही धानोरानी इहीरना पानीमा काहीतरी शे. जो पिस तो धडधाकट ऱ्हास. वैदू सांगस, लोह शे. तुम्ही तुम्हन्या या बाटल्यास्ले इचारा आनि माले लिखी द्या.”

मगन खूश झाला. शाळेच्या बाहेरचं, खरं असं पहिलंच काम. त्याने बाज्याला विहिरीचं पाणी आणायला धानोऱ्याला पाठवलं. बाज्या बैलगाडीने गेला आणि तिसऱ्या दिवशी रॉकेलच्या डब्यात पाणी घेऊन परत आला. डबा आठवडाभर कोपऱ्यात पडून होता, कारण चाचणी परीक्षा सुरू होती.

मग एक दिवस हेडमास्तर, गिरासे आणि माझ्यासमोर परीक्षा झाली. मगनने डब्यातलं पाणी नळीत घेतलं, त्यात नत्राम्लाचे थेंब टाकून दिव्यावर गरम केलं, गार केलं आणि पोटॅशियम सल्फोसायनाइडचे दोन थेंब सोडले. नळीतलं पाणी रक्तासारखं लाल झालं.

“लोह,” मगन म्हणाला.

गिरासे यांनी साफा सारखा केला. हेडमास्तरांनी टाळी वाजवली. मगनने तिथेच बसून दाखला लिहिला आणि खाली सही केली: एम. सी. पाटील, बी.एस्सी. ती सही त्याने इतकी वळणदार काढली की मला वाटतं पदवी मिळाल्यापासून तो तिला जागा शोधत असावा.

आता माझा वाटा सांगितला पाहिजे. गिरासे यांना जाहिरातीचा कागद छापायचा होता, आणि हेडमास्तर म्हणाले, “अहो मराठी, तुमचंच काम.” मी लिहिलं: ‘सातपुड्याच्या पायथ्याशी भूगर्भातील लोहरसाने परिपुष्ट झालेले, अशक्तता, पांडुरोग, निरुत्साह व वंध्यत्व यांचा समूळ नाश करणारे, धानोरा येथील लोहजल. शास्त्रीय परीक्षेने सिद्ध.’ धानोरा तापीच्या या अंगाला आहे आणि सातपुडा त्या अंगाला, हे मला ठाऊक होतं. पण सातपुड्याशिवाय वाक्याला उठाव येत नव्हता. वंध्यत्व कुठून आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

कागद धुळ्याला छापले, आणि बाजाराच्या दिवशी खांडबाऱ्यापासून शहाद्यापर्यंत वाटले. विहिरीवर मांडव पडला. पाणी फुकट होतं, कारण पदवी धर्मार्थालाच मिळते. महिन्याभरात बैलगाड्या लागू लागल्या. अशक्त म्हातारे, बाळंतिणी, हिवतापाने खंगलेली माणसं रांगेत उभी राहून तांब्या तांब्या पाणी पिऊ लागली. पाणी गोड होतं, यात शंका नाही.

जानेवारीत मॅट्रिकच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. मगनने सगळ्यांना तुरटीचा द्राव दिला आणि ओळखायला सांगितलं. सोळाच्या सोळा मुलांनी लिहिलं, लोखंड. मगन संतापला. एकेकाला उभं करून विचारलं. शेवटी एकाचं काम त्याने स्वतः करून पाहिलं, तर नळी लाल झाली.

त्याने एक रिकामी नळी उचलून तिचा तळ पाहिला. मग बाज्याला हाक मारली.

“नळ्या कोणत्या पाण्याने धुतल्यास?”

“त्या डबामधला पानीघाई,” बाज्या म्हणाला. “नळ बंद शे ना दोन दिवस. मी नदीनं पानी भरी ठेयेल व्हतं त्यामा.”

“धानोऱ्याचं पाणी आणलं होतं तो डबा?”

“तोच. दुसरा कोठे शे? तळले गंजेल शे, पन गळत नही.”

रविवारी मगन सायकलवर धानोऱ्याला गेला. मीही गेलो, म्हणजे कॅरियरवर बसलो. बरोबर काचेच्या चार बाटल्या होत्या, आम्लाने धुतलेल्या. विहिरीतून त्याने दोरीला काचेचीच बाटली बांधून पाणी काढलं. रांगेतल्या लोकांनी आम्हांला वाट करून दिली. सहीवाला मास्तर म्हणून कोणीतरी त्याच्या पाया पडलं.

संध्याकाळी शाळेत येऊन त्याने परीक्षा केली. चारही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ राहिल्या. त्याने थेंब वाढवले. पुन्हा केली. काही नाही. धानोऱ्याच्या विहिरीत पाणी होतं, एवढंच.

“मी गंजलेल्या डब्याला दाखला दिला,” तो म्हणाला.

सकाळी आम्ही हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पान लावलं.

“अहो सायन्स, ही गोष्ट आणखी कोणाला माहीत आहे?”

“मराठीला आणि बाज्याला.”

“म्हणजे कोणालाच नाही.” त्यांनी पान तोंडात टाकलं. “हे बघा. विहिरीत लोह असो की नसो, इमारतीचा दुसरा मजला जालमसिंगजी बांधून देणार आहेत. पाणी काही विषारी नाही ना?”

“नाही.”

“मग कोणाचं काय बिघडलं? पाणी पिऊन कोणी मरत नाही. तुमची नोकरी अजून कायम झालेली नाही, हे मी तुम्हांला आठवण म्हणून सांगतो. धमकी म्हणून नव्हे.”

मगन गप्प बसला. मीही बसलो. माझी नोकरी कायम झाली होती, त्यामुळे माझ्यापाशी तेवढंही कारण नव्हतं.

महिना गेला. मग एक दिवस शाळा सुटताना फाटकापाशी एक बाई उभी दिसली. डोक्यावर पदर, पायांत धूळ. तिच्या मागे भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. वीस एक वर्षांची असेल, मांडीवर तान्हं मूल. मुलीचे ओठ आणि नखं कागदासारखी पांढरी होती.

बाईने घडी केलेला कागद पुढे केला. माझाच, सातपुड्याच्या पायथ्याचा.

“तुम्हीच का त्या सहीवाला मास्तर?” तिने मगनला विचारलं.

“हो.”

“मी भिकुबाई. कोपर्लीनी. ही मन्ही पोर बेबी. बाळंत व्हयनी तव्हपशी रगत नही आंगमा. सरकारी दवाखानानं औषध चालू व्हतं, पन त्यानाघाई पोट काळं पडस, मनीसन आम्ही ते बंद करं. दोन महिना व्हयनात, धानोरानं पानी पाजी ऱ्हायनू. फरक नही पडी ऱ्हायना.” तिने कागदावर बोट ठेवलं. “किती पेवाले पाहिजे, ते काई लिखेल नही आठे. तेच इचाराले उनू.”

मगनने मुलीच्या नखांकडे पाहिलं. तो म्हणाला, “दवाखान्यातलं औषध पुन्हा सुरू करा.”

“मंग पानीमा लोखंड शे का नही?”

मगनने माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून हेडमास्तर बघत होते. “चौकशी चालू आहे,” मगन म्हणाला.

भिकुबाईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चौकशी हा शब्द तिने तलाठ्याकडे पुष्कळ वेळा ऐकला असावा. तिने मुलीला उठवलं, मूल स्वतःकडे घेतलं आणि दोघी गेल्या. मुलगी दर दहा पावलांवर थांबत होती.

त्या रात्री मगन जेवला नाही, असं बाज्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सकाळी तो हेडमास्तरांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की मार्चमध्ये प्रांतसाहेब प्रयोगशाळा पाहायला येणार आहेत, तेव्हा लोहजलाची परीक्षा सगळ्यांसमोर पुन्हा व्हावी.

“होणारच आहे. तोच कार्यक्रम आहे,” हेडमास्तर म्हणाले.

“पाणी मी स्वतः काचेच्या बाटलीत आणीन. शेजारी साधं पाणीही ठेवीन. जे निघेल ते दाखवीन.”

हेडमास्तर हसले. “अवश्य. सत्यमेव जयते.”

मला ते हसणं आवडलं नाही, पण मी ते मगनला सांगितलं नाही.

प्रांतसाहेब आले त्या दिवशी प्रयोगशाळेला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. साहेब मद्रासकडचे, तरुण, त्यांना मराठी जेमतेम यायचं. त्यांच्या बरोबर सरकारी दवाखान्याचे डॉक्टर होते. थकलेले, चष्मेवाले गृहस्थ, जिथे तिथे उद्घाटनाला बोलावले गेल्याने वैतागलेले. गिरासे नवा साफा बांधून पहिल्या खुर्चीत बसले. पदवीच्या शिफारसी प्रांतांकडून जातात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे त्याबद्दल कोणीच बोलत नव्हतं.

टेबलावर मगनने तीन नळ्या लावल्या. पहिलीत धानोऱ्याचं पाणी. दुसरीत तापीचं. तिसरीत प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे उकळून वाफेचं पुन्हा पाणी केलेलं, ज्यात काहीच नसतं. त्याचे हात स्थिर होते. मी त्याला इतका शांत कधी पाहिला नव्हता. त्याने ठरवलंच होतं.

नत्राम्ल, दिवा, मग सल्फोसायनाइड. पहिली नळी लाल झाली.

मगन चमकला. टाळ्या पडल्या. गिरासे साहेबांकडे वळून म्हणाले, “देखा!”

मगनने घाईने दुसऱ्या नळीत थेंब टाकले. तापीही लाल झाली. पहिलीपेक्षा जरा जास्तच. टाळ्या पुन्हा पडल्या, पण गिरासे यांच्या थांबल्या. तापीतही लोह असेल तर धानोऱ्याला कोण येणार, हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं.

तिसरी नळी. ज्यात काहीच नसतं ते पाणी. तेही लाल झालं.

प्रांतसाहेबांनी उत्साहाने इंग्रजीत विचारलं, ते डॉक्टरांनी मराठीत सांगितलं: “साहेब विचारतात, या जिल्ह्यात लोखंड नसलेलं पाणी आहे की नाही?”

मगन नळीकडे बघत होता. हेडमास्तर पुढे झाले. “साहेब, ही आमची भूमीच लोहयुक्त आहे. म्हणून इथली माणसं कणखर. बाज्या, चहा!”

बाज्याने चहाचे कप आणले. पहिला प्रांतसाहेबांपुढे ठेवला, दुसरा डॉक्टरांपुढे. साहेबांनी कप उचलला आणि परत ठेवला. दूध घातलेला चहा होता, पण त्याचा रंग पाटीसारखा होता. हळूहळू तो आणखी काळा होत होता.

डॉक्टरांनी आपल्या कपात बोट बुडवलं आणि रुमालाला पुसलं. रुमालावर निळसर काळा डाग उमटला.

“ही शाई आहे,” ते म्हणाले.

“बाज्या,” मगनने विचारलं, “चहाचं पाणी कुठलं?”

“आठलंच. कोपरामधला माठनं. रोजच त्यानंच करस ना.”

मगनने कोपऱ्यात जाऊन माठात हात घातला, ओंजळभर पाणी घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं. “हिराकस,” तो म्हणाला.

हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. आमच्याकडे रंगारी वापरतात, आणि हिरड्याबरोबर घातला की शाई होते. चहातही हिरड्यासारखंच काहीतरी असतं. एवढं मगनने उभ्याउभ्या सांगितलं, आणि मग सगळ्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. का पाहिलं ते सांगायला नको. ते शाळेची शाई स्वतः घरी करून आणत, हे गावाला ठाऊक होतं.

हेडमास्तरांनी उपरण्याने तोंड पुसलं. “मी केवळ खबरदारी घेतली,” ते म्हणाले. “सायन्सवर माझा विश्वास आहे, पण सायन्सचा भरवसा देता येत नाही. आयत्या वेळी काही निघालं नसतं तर संस्थेची अब्रू... कोणत्या बाटलीतलं पाणी घेतील हे मला माहीत नव्हतं, म्हणून...”

“म्हणून?” डॉक्टर.

“म्हणून जिथे जिथे पाणी होतं तिथे थोडं थोडं टाकलं.”

डॉक्टर एवढ्या मोठ्याने हसले की त्यांचा चष्मा घसरला. “अहो, पांढऱ्या पडलेल्या बायकांना मी दवाखान्यात हिराकसच देतो. मोजून, गोळी करून. त्याने शौचाला काळं होतं, म्हणून त्या औषध टाकतात आणि धानोऱ्याला जातात. धानोऱ्याच्या नावाखाली आजवर प्यायलेल्या पाण्यात औषधी असं काही असेल, तर ते या माठात आहे!”

प्रांतसाहेबांना भाषांतर करून कोणी किती सांगितलं, मला माहीत नाही. त्यांनी भेटीच्या वहीत लिहिलं की प्रयोगशाळेत काम उत्साहाने चालतं, मात्र चहाकडे लक्ष द्यावं. मग ते शिरपूरकडे गेले.

मला वाटलं प्रकरण इथे मिटलं. पण डॉक्टरांचं हसताना बोललेलं एक वाक्य गिरासे यांनी नीट ऐकलं होतं. हिराकस औषध आहे.

आठवड्याभरात त्यांनी सुरतेहून दोन पोती हिराकस मागवलं आणि विहिरीत ओतलं. त्यांच्या बाजूने विचार केला तर ते प्रामाणिकच होते. कागदावर लोह लिहिलं होतं, विहिरीत ते नव्हतं, आता आहे. जाहिरात खरी करून दाखवणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

पण विहीर एकच होती आणि वाड्यातलंही पाणी त्याच विहिरीचं. पहिल्या दिवशी बैल हौदापाशी आले, वास घेतला आणि मागे फिरले. दुसऱ्या दिवशी डाळ काळपट झाली. तिसऱ्या दिवशी धुतलेले कपडे वाळत घातले, ते गंजाच्या रंगाचे निघाले, आणि त्यांत गिरासे यांचे चार पांढरे साफेही होते. त्यांच्या पत्नी जसोदाबाई अंगणात उभ्या राहून, गड्यामाणसांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आते राव व्हा नही ते साहेब व्हा, मी या पानीमा सयपाक करावू नही. मी भाऊकडे जाई ऱ्हायनू.” आणि खरंच गेल्या.

तरी गिरासे डगमगले नाहीत. त्यांनी मगनला गाडी पाठवून विहिरीवर नेलं. मला नव्या कागदासाठी नेलं.

“करा परीक्षा,” ते म्हणाले. “तुम्हनी काचनी बाटलीमा करा.”

मगनने केली. नळी अशी लाल झाली की आरपार दिसेना. रांगेतले लोक वाकून बघत होते.

“लिखा,” गिरासे म्हणाले.

मगनने लिहिलं: ‘या पाण्यात लोह आहे. ते हिराकस असून विहिरीत बाहेरून टाकलेलं आहे. प्रमाण न मोजता ते पिणं धोक्याचं आहे. पूर्वीच्या पाण्यात लोह नव्हतं, आणि माझा आधीचा दाखला चुकीचा होता.’ खाली सही केली. साधी, वळणं नसलेली.

गिरासे यांनी कागद मला दिला. “यामधलं पहिलं वाक्य तेवढं छापा. बाकी मास्तरना घरना इचार शेतस.”

मी कागद घेऊन धुळ्याला गेलो. छापखान्यात बसून मी पुष्कळ विचार केला, असं मला म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. खिळे जुळवणाऱ्याने विचारलं, “कुठलं वाक्य मोठ्या टायपात घेऊ?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “धोक्याचं आहे, ते. आणि सगळंच घ्या.” दोन हजार प्रती निघाल्या. बाज्याने आणि मी त्या बाजारात वाटल्या. गिरासे यांच्या हाती पहिली प्रत पडेपर्यंत खांडबाऱ्याला शेवटची वाटून झाली होती.

मांडव उठला. विहीर उपसायला उन्हाळा गेला. मगनला आणि मला शाळेने पत्रं दिली. त्याच्या पत्रात ‘अननुभव’ असं कारण होतं, माझ्या पत्रात ‘भाषेतील हलगर्जीपणा’. दोन्ही पत्रांचा मसुदा हेडमास्तरांचा होता, आणि शाईही बहुधा त्यांचीच. ते पुढे सन्मानाने निवृत्त झाले. जालमसिंग गिरासे लढाईच्या फंडाला घोडे देऊन एकेचाळीस साली रावसाहेब झालेच.

नंदुरबार सोडण्याआधी मगन कोपर्लीला गेला. दवाखान्यातून गोळ्या घेऊन गेला आणि मला बरोबर घेतलं. एकटं जायची त्याला भीती वाटत होती, असं माझं मत आहे. भिकुबाई ओट्यावर कापूस निवडत बसली होती. मगनने सगळं सांगितलं. डबा, माठ, विहीर. काळं होणं हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, त्याला भ्यायचं नाही, हेही दोनदा सांगितलं. अहिराणीतच सांगितलं. शाळेत तो अहिराणी कधी बोलत नसे.

भिकुबाईने गोळ्यांची पुडी घेतली, मोजली आणि पदराच्या गाठीत बांधली.

“दोन महिना मन्ही पोर सात कोस चालनी,” ती म्हणाली. “रोज नही, पन चालनी. ते पानी पेवाकरता. तुम्हले चूक कव्हय समजनी व्हती?”

“जानेवारीत.”

“आनि मी तुम्हना फाटकजोडे कव्हय उनू व्हतू?”

मगन खाली बघत म्हणाला, “त्याच्यानंतर.”

ती पुन्हा कापूस निवडू लागली. थोड्या वेळाने तिने आत हाक मारली आणि बेबी तांब्याभर पाणी घेऊन आली. चालताना ती भिंतीला हात लावत होती, पण थांबली नाही. मगनने तांब्या घेतला आणि एका दमात पाणी प्याला. उरलेलं मी प्यालो. मग आम्ही उठलो, आणि गोळ्या संपायच्या आत दवाखान्यात जा, असं मगनने जाता जाता तिसऱ्यांदा सांगितलं.

“जासूत,” भिकुबाई मान वर न करता म्हणाली. “पन आधी डाक्टरलेच इचारसू, या गोळ्यास्मा काय शे ते.”